चुकीचाही हिशेब वहीत यावा

(प्रभागसंघाच्या वार्षिक मेळाव्यात घाटकोपरहून आलेल्या एका निवृत्त परिचारिका ताईंनी केलेलं हे भाषण. ताईंनी तीस वर्षांहून जास्त काळ मुंबईच्या उपनगरांत काम केलं. ज्या सख्यांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. रुग्णाचं आणि रुग्णालयाचं नाव ताईंनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.)



मंचावर बसून बोलायची मला सवय नाही. माझं सगळं आयुष्य लेबर वॉर्डात, उभ्यानं गेलं. त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या. आणि खरं सांगायचं तर आज मला चुकण्याबद्दलच बोलायचं आहे.

मेळावा सुरू व्हायच्या आधी मी तुमच्या एका गटाची बैठक कोपऱ्यात बसून पाहिली. सचिव ताईंनी मागचं इतिवृत्त वाचलं, वही उघडली. एका ताईंचे दोन हप्ते थकले होते. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. पण अध्यक्ष ताई एवढंच म्हणाल्या, "काय झालं ते सांग." त्या म्हणाल्या, म्हैस आजारी पडली, दूध बंद झालं. मग सगळ्यांनी मिळून हप्ता कसा लावायचा ते ठरवलं, वहीत लिहिलं, सह्या झाल्या. पंधरा मिनिटांत विषय संपला.

तुम्हाला ही रोजची गोष्ट वाटेल. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. कारण "काय झालं ते सांग" हे चार शब्द आमच्या दवाखान्यात ऐकायला मला वीस वर्षं लागली.

त्या रात्रीची गोष्ट

पावसाळ्यातली रात्र होती. माझी नाईट. वॉर्डात मी, एक नवीन सिस्टर आणि एक मावशी. मावशी म्हणजे आयाबाई. रुग्णांना उठवणं-बसवणं, कपडे बदलणं, सगळं त्याच करतात. एकाच वेळी दोघी-तिघी कळा देत होत्या.

त्यातली एक बाई डोंगरावरच्या वस्तीतली. नवरा रिक्षा चालवायचा. दुसरं बाळंतपण. एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. बाळ रडलं, आई हसली. आम्ही पुढच्या बाईकडे वळलो.

दीडच्या सुमारास मावशींनी नवीन सिस्टरला सांगितलं, "सिस्टर, हिचं अंगावरून जरा जास्तच जातंय." त्या पोरीच्या हातात दुसऱ्या बाईचं बाळ होतं. ती येऊन बघून गेली आणि कागदावर लिहिलं, "रक्तस्राव मध्यम." दहा-पंधरा मिनिटांनी मावशी माझ्याकडे आल्या. मी रजिस्टर लिहीत होते. मान वर न करता मी म्हणाले, "बघते."

सख्यांनो, "बघते" म्हणाले, पण मी बघितलं नाही.

सव्वादोनच्या पुढे मी तिच्या खाटेजवळ गेले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. हात गार. नाडी जोरात पळत होती. "पाणी द्या, पाणी द्या," एवढंच पुटपुटत होती. चादर उचलली आणि माझे पाय लटपटले. आरडाओरडा केला, डॉक्टर धावत आले, पोट चोळायला सुरुवात झाली. गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं इंजेक्शन हवं होतं. ते थंड ठेवावं लागतं. फ्रिज हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात. मी पळाले. रक्ताच्या बाटल्या मिळेपर्यंत पहाट झाली.

ती वाचली. दहा दिवसांनी लेकीला घेऊन घरी गेली. ती वाचली म्हणून मला आज तुमच्यासमोर तोंड उघडता येतंय.

वही सुधारली, काम नाही

सकाळी चौकशी झाली. पहिलाच प्रश्न आला, "चूक कोणाची?" कागदावर "मध्यम" लिहिलं होतं आणि खाली त्या नवीन पोरीची सही. तिला मेमो मिळाला. मावशींना कोणी काही विचारलंच नाही. आणि मी गप्प बसले. मला सांगितलं होतं आणि मी नुसतं "बघते" म्हणाले होते, हे मी कोणाला सांगितलं नाही. वीस वर्षांची नोकरी, घरी लेकरं, बढती जवळ आलेली. भीती वाटली.

दोन महिन्यांनी त्या पोरीनं बदली मागून घेतली.

वॉर्डात काय बदललं? सगळ्याजणी कागद जपून लिहायला लागल्या. "डॉक्टरांना कळवले", "नातेवाइकांना सांगितले." ज्या ओळीनं आपण सुटू ती ओळ आधी लिहायची. फ्रिज तिथेच राहिला. किल्ली सिस्टरच्या खिशातच राहिली. मावशी कमी बोलायला लागल्या. म्हणजे मेमो देऊनही, पुढच्या बाईला तेवढाच धोका होता.

साधारण वर्षानं एक नव्या मॅडम आल्या. त्यांनी दर गुरुवारी दुपारी अर्धा तास चहाला सगळ्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. डॉक्टर, सिस्टर, मावशी, सफाईवाला भाऊ, सगळे. नियम दोनच. नाव घेऊन दोष द्यायचा नाही. आणि हुद्द्यानं सगळ्यात खालच्या माणसानं आधी बोलायचं, कारण मोठ्या डॉक्टर आधी बोलल्या की बाकीचे फक्त मान हलवतात.

पहिले दोन गुरुवार कोणी तोंड उघडलं नाही. आम्हाला वाटलं, ही पण चौकशीच, फक्त चहा पाजून. तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगितली. कुठल्या वेळी काय दिसत होतं, आपल्याला काय वाटलं, आपण काय केलं, सगळं. त्या मोठ्या होत्या, त्यांना गरज नव्हती. पण त्या बोलल्या आणि खोलीतली हवा बदलली.

मग मी ती रात्र सांगितली. "बघते" सकट.

मावशी खाली बघत म्हणाल्या, "सिस्टर, मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही कामात असलात की चिडता."

मेमोत हे वाक्य कुठेच नव्हतं. त्या रात्रीचं सगळ्यात मोठं कारण मात्र त्याच वाक्यात होतं.

त्या दिवशी आम्ही ती रात्र मिनिटामिनिटानं मांडली आणि तीन गोष्टी ठरवल्या. एक, मावशींनी दोनदा सांगूनही कोणी आलं नाही तर त्यांनी थेट डॉक्टरांना बोलवायचं, आणि त्याबद्दल कोणी त्यांना रागवायचं नाही. दोन, फ्रिज लेबर वॉर्डात आणायचा, आणि किल्ली खिशाऐवजी भिंतीवरच्या खिळ्याला. तीन, भिजलेल्या घड्या फेकून न देता एका टबात ठेवायच्या आणि वजन करायचं. प्रत्येक कामापुढे एकीचं नाव आणि तारीख. फ्रिज आठवड्याभरात हलला. वर्षभर जी गोष्ट झाली नाही ती आठ दिवसांत झाली.

आणि मी एक फोन केला, त्या बदलून गेलेल्या सिस्टरला. माफी मागितली. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "सिस्टर, मेमोचं मी विसरले. त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात, ते नाही विसरले."

डोळ्याचा अंदाज फसतो

घड्यांचं वजन का करायचं? कारण त्या पोरीनं "मध्यम" लिहिलं ते खोटं नव्हतं. तिच्या डोळ्याला ते मध्यमच दिसलं. मावशींच्या डोळ्याला जास्त दिसलं. कपड्यात, चादरीत मुरलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमीच वाटतं.

हे आपल्या शेजारीच, बेळगावला नीट मोजून पाहिलेलं आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा अभ्यास केला. बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टरच होत्या. रक्त मोजायला त्यांनी बाईच्या खाली अंथरायची एक प्लास्टिकची थैली वापरली. थैलीला खाली निमुळतं टोक आणि त्यावर मापाच्या रेघा, दूध मोजायच्या भांड्यावर असतात तशा. थैलीचं माप आणि डोळ्यांचा अंदाज यांची तुलना केली, तर डोळ्यांचा अंदाज सुमारे ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे थैलीत तीन वाट्या असतील तर डोळ्यांना दोनच दिसतात.

आता सांगा, अशा वेळी "चूक कोणाची?" असं विचारून काय हाती लागणार? "कशी झाली?" असं विचारलं तर मोजायचं माप तरी हाती येतं.

मुंबईनं स्वतःचा हिशेब मांडला तेव्हा

आता तुमच्यासारख्याच बायकांच्या गटांची गोष्ट सांगते. मुंबईत 'स्नेहा' नावाची संस्था आहे. शीवच्या रुग्णालयात नवजात बाळांवर काम केलेल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली. या संस्थेनं २००६ ते २००९ या तीन वर्षांत ४८ झोपडपट्टी वस्त्यांत एक मोठा अभ्यास केला. २४ वस्त्यांत बायकांचे गट बांधले, गरोदरपण-बाळंतपणावर बैठका घेतल्या. उरलेल्या २४ वस्त्यांत असे गट नव्हते. १८ हजारांहून जास्त जन्मांची नोंद केली आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवले.

काय निघालं? तपासण्या, दवाखान्यात बाळंतपण, बाळाला लवकर अंगावर पाजणं, यात दोन्हीकडे फरक दिसला नाही. नवजात बाळांच्या मृत्यूचा आकडा तर गट असलेल्या वस्त्यांत जास्त निघाला. तीन वर्षं पायपीट करून हे हाती आलं. दुसरं कोणी असतं तर कागद कपाटात टाकला असता. यांनी २०१२ मध्ये सगळं जगासमोर छापलं. मला त्या संस्थेबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

तसेच गट झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजूट' संस्थेनं चालवले होते. तिथे तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मग असा फरक का?

माझ्या वॉर्डातल्या अनुभवावरून मला जे वाटतं ते सांगते. झारखंडात बहुतेक बाळंतपणं घरी होत होती. नाळ कशानं कापायची, बाळाला ऊब कशी द्यायची, हे सगळं गटातल्या बायकांच्याच हातात होतं. हात शिकले, बाळं वाचली. मुंबईच्या वस्त्यांत बहुतेक बायका आधीपासूनच दवाखान्यात जात होत्या. त्यांनी त्यांचं काम केलं होतं. पुढचं काम दाराच्या आतल्यांचं होतं, आमचं. माझ्या त्या रात्रीची बाई वेळेवर आली होती. उशीर तिला आत आल्यावर झाला. बाहेर बायकांचे कितीही गट असले तरी फ्रिजची किल्ली माझ्याच खिशात होती ना!

म्हणून दवाखान्यानंही बसलं पाहिजे आणि गावानंही. एका बाजूनं भागत नाही.

तीन उशीर

आई दगावते तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एखादा उशीर झालेला असतो. पहिला, घरात निर्णय घ्यायला. "सासूबाई येऊ देत", "सकाळी बघू." दुसरा, दवाखान्यात पोचायला. रस्ता, गाडी, नदीचं पाणी. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळायला. कधी कधी तिन्ही होतात.

सरकारनंही हे मान्य केलं आहे. मातामृत्यूचं परीक्षण कसं करायचं याच्या सूचना केंद्र सरकारनं २०१० मध्ये काढल्या, २०१७ मध्ये सुधारल्या. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत आई दगावली तर दवाखान्यातही चौकशी होते आणि आरोग्य खात्याची माणसं घरी येऊनही विचारतात. शिक्षा देणं हा त्याचा हेतू नाही, पुढची बाई वाचावी हा आहे. केरळात तर स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २००४ पासून नावं झाकून अशा मृत्यूंवर चर्चा करते.

देव न करो, पण तुमच्या गावात अशी वेळ आली आणि ती माणसं आली, तर खरं सांगा. "नशीब तिचं" म्हणून दार लावू नका. गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, कोण काय म्हणालं, जे आठवेल ते सांगा. आशाताईला घाबरवू नका. तीही त्या रात्री एकटीच धावलेली असते.

मग दोषी सुटणार का?

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला हाच प्रश्न विचारला. त्यांच्या भावजयीकडे दवाखान्यात पैसे मागितले होते. म्हणाल्या, "दोष द्यायचा नाही म्हणजे आम्ही गप्प बसायचं का?"

नाही, ताई. गप्प बसायचं नाही. पैसे मागणं, मारणं, शिव्या देणं, ड्युटीवर असून मुद्दाम न येणं, याला मी चूक म्हणत नाही, तो गुन्हा आहे. त्याची लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची, पाठपुरावा करायचा. गटानं सोबत जायचं. पण जी माणसं काम करत होती, धावपळीत होती आणि तरी चुकलं, तिथे दोषीची शिकार केली तर सगळे कागद झाकतात. मग खरं कारण कधीच कळत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत. एका बैठकीत दोन्ही करायला गेलं तर एकही होत नाही.

गावात कसं बसायचं

तुमच्याकडे गट आहे, ग्रामसंघ आहे, आशाताई आहे, अंगणवाडी ताई आहे, महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस होतो. तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास काढा. कोणी दगावायची वाट बघू नका. थोडक्यात वाचलेली एखादी बाई, १०८ गाडी यायला लागलेला उशीर, लस चुकलेलं बाळ, असा एकच प्रसंग घ्या आणि पाच प्रश्न विचारा.

१. काय झालं? वेळेप्रमाणे, पहिल्यापासून. मत नको, जे पाहिलं ते.
२. त्या वेळी आपल्याला तसं करणं बरोबर का वाटलं?
३. कोणाला आधी कळलं होतं, आणि तिचं कोणी ऐकलं का?
४. आपल्या हातातली कुठली एक गोष्ट बदलता येईल?
५. ती कोण करणार, कधीपर्यंत?

तिसरा प्रश्न विसरू नका. बहुतेक वेळा कोणाला तरी आधीच कळलेलं असतं. ती धाकटी सून असते, नाहीतर नुकतीच गटात आलेली, कमी बोलणारी बाई असते. तिला आधी बोलू द्या. मोठ्यांनी शेवटी बोलायचं. आणि सुरुवात अध्यक्षांनी स्वतःच्या चुकीनं करायची, म्हणजे बाकीच्यांना धीर येतो.

खोलीतलं बोलणं खोलीत राहू दे. वहीत बाईचं नाव लिहू नका, ठरलेलं काम लिहा. "गाडी नाही मिळाली तर कोणाची जीप, त्याचा नंबर अंगणवाडीच्या दारावर लावणे, अमुक ताई, पंधरा तारखेपर्यंत." पुढच्या बैठकीत आधी तेच वाचायचं, झालं की नाही. नसेल झालं तर पुन्हा विचारायचं, "काय झालं ते सांग."

एक गोष्ट मात्र आजपासूनच लक्षात ठेवा, बैठकीची वाट न बघता. बाळंतिणीच्या घडीवर घडी भिजत असेल, तिला चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील, ती पाणी पाणी करत असेल, तर "बाळंतपणात जायचंच एवढं" असं म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि दवाखान्यात कोणी "बघते" म्हणालं तर तिथून हलू नका. दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा सांगा. तिथली सिस्टर चिडली तर चिडू द्या. मी सांगते, चिडलेली सिस्टर परवडली.

सख्यांनो, तुमच्या पंचसूत्रीत शेवटचं सूत्र आहे नियमित लेखाजोखा. पैसा न पैसा तुम्ही वहीत लिहिता, म्हणून बँक तुमच्यावर विश्वास ठेवते. माझं एवढंच मागणं आहे, की कधीतरी चुकीचाही हिशेब त्याच वहीत यावा. तो लिहायला मी उशीर केला. त्याची किंमत एका चांगल्या पोरीनं भरली.

ती डोंगरावरची लेक आता मोठी झाली असेल. कुठे असेल ते मला माहीत नाही. पण लेबर वॉर्डातून निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली खिळ्यालाच होती, हे मी बघूनच बाहेर पडले.